बारीक अक्षरांचा कागद

४ मार्च
मिठागरांच्या गावातून

वहिनी,

आधी हे पाकीट फोडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वाचून तुमचा नंबर नक्की वाढला असणार. आमची गाडी निळी आहे आणि मागच्या काचेवर चष्म्याचं चित्र आहे. दिसेल तिथे थांबवा, फुकट तपासून देते. आता मला माझ्या भावजयीशी बोलू द्या.

तर वहिनी, पोचले. तीस वर्षं चालवलेल्या चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावताना वाटलं होतं, जड जाईल. काही नाही, पहिल्या झटक्यात लागलं. गाडी चालवणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो एकदा सुरू झाला की बटण सापडत नाही. दोन दिवसांच्या वाटेत त्याने मला त्याच्या तिन्ही मेव्हण्यांचे स्वभाव सांगितले. माणूस चांगला आहे.

वाटेत जे पाहिलं ते तुला सांगायलाच हवं. प्रत्येक नाक्यावर दोन शिपाई चुन्याची बादली घेऊन भिंत रंगवत असतात. सकाळी भिंत पांढरी, दुपारपर्यंत तिच्यावर कोळशाने लिहिलेलं असतं: ‘बंद’. एवढंच. मग पुन्हा चुना. रेडिओ म्हणाला, “बाई, मतदानापर्यंत या भिंती इतक्या जाड होतील की रस्ता उरणार नाही.” चहाच्या दुकानात लोक अजून हळूच बोलतात, पण बोलतात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी विचारणार आहे की सेनापतींची राजवट चालू ठेवायची की बंद करायची. उत्तर द्यायची सवय मोडलेली माणसं आहेत, ओठातल्या ओठात घोकताहेत.

इथे पांढऱ्या मिठावरचं ऊन आयुष्यभर डोळ्यांत गेलेलं. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही जवळचं दिसत नाही. अक्षरओळख सगळ्यांना आहे, कामगारांच्या शाळेत शिकलेत. पण वाचून वीस-वीस वर्षं झालीत. आज एका म्हाताऱ्याला चष्मा घातला. त्याने आधी हात पाहिले, मग शेजारी बसलेली बायको. बराच वेळ पाहत राहिला. बायको म्हणाली, “बाई, काढून घ्या तो. इतकी वर्षं सुखाचा संसार चालला होता.”

भावाला सांग, मी खुशाल आहे. त्याला आवडणार नाही, पण सांग.

तुझी,
ताई


१३ मार्च
घरून

ताईंना नमस्कार.

पत्र मिळालं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, आणि चिकटवणाऱ्याने खळ जरा जास्तच लावली होती.

हे फार चिडलेत. तुम्ही निघालात त्याच आठवड्यात यांना जिल्हा कचेरीतून नव्या मतदान विभागात उपप्रमुख केलं. आता साहेबलोक रोज विचारतात, “तुमच्या भगिनी कुठे असतात?” यांनी सांगून ठेवलंय की तुम्ही गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेला आहात. तेव्हा परत याल तेव्हा चार दिवस जरा बरं चालून दाखवा.

माझंही म्हणणं ऐका. तुम्ही काही चुकीचं करत नाही, हे मला कळतं. पण दिवस असे आहेत की बरोबर करणाराच आधी सापडतो. महिना झाला की परत या.

छापखान्यात काम वाढलंय. आम्हा प्रुफं तपासणाऱ्यांना आता वेगळ्या खोलीत बसवतात. जाता-येता पिशव्या तपासतात. काय तपासतो ते घरीही बोलायचं नाही, असं लिहून घेतलंय.

ताई, एक विचारायचं होतं. तुमच्या वाचायच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, बारीक ओळ असते ना, साठीच्या माणसाला ती चष्म्याशिवाय दिसते का? आणि चष्मा लावून? कितीचा लागतो? असंच विचारतेय.

तब्येतीला जपा.

आपली,
वहिनी


२१ मार्च
मिठागरांच्या गावातून

वहिनी,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? चाळिशी लागली म्हण की सरळ! बायका ना, केस पिकले की सांगतील, पण अक्षर दिसेनासं झालं की “असंच विचारतेय”. सोबत एक चष्मा पाठवते आहे, अधिक दीडचा. मुद्दाम चांगली फ्रेम निवडली आहे. प्रुफं वाचणाऱ्या बाईने डोळ्यांशी भांडू नये, पोट त्यांच्यावर आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: साठीच्या माणसाला ती ओळ नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मुंग्या चालल्यासारखी दिसते. अधिक तीनचा चष्मा घातला तर बहुतेकांना दिसते. मोतीबिंदू असेल तर मात्र माझ्याकडे इलाज नाही, त्यांना मी तसं तोंडावर सांगते.

परत यायचं म्हणशील तर इथलं काम संपत नाही. सकाळी शाळेच्या ओसरीवर बसते ते ऊन उतरेपर्यंत. भावाला म्हणावं, माझे गुडघे ठणठणीत आहेत. झऱ्याचा फार गुण आला.

तुझी,
ताई


३० मार्च

ताई,

हे पत्र टपालाने नाही, फिरतीवरच्या परिचारिकेच्या हाती पाठवते आहे. आम्ही एका शाळेत होतो, विश्वासाची आहे. वाचून झालं की चुलीत घाला.

तुमचा चष्मा मला लागत नाही. माझे डोळे चांगले आहेत, म्हणूनच झोप उडाली आहे.

मी मतपत्रिका तपासते आहे. त्यावर दोन वाक्यं आहेत. दोन्ही सहा-सहा ओळींची, कायद्याच्या भाषेतली, शब्दाला शब्द सारखी. फरक एकाच शब्दाचा: एकात ‘चालू’, दुसऱ्यात ‘बंद’. तो शब्दही चौथ्या ओळीच्या मध्यावर. आणि सगळं सहा पॉइंटात. औषधाच्या बाटलीतल्या कागदापेक्षाही बारीक.

खरी मेख पुढे आहे. नियम असा की प्रत्येकाने केंद्राधिकाऱ्यासमोर पहिली ओळ वाचून दाखवायची. ज्याला स्वतः वाचता येणार नाही, त्याच्या वतीने केंद्राधिकारीच खूण करील. म्हणजे निम्म्या देशाचं मत टेबलामागचे साहेब देणार. हे मतदान नव्हे ताई, डोळ्यांत धूळ फेकणं आहे, आणि धूळही सरकारी छापखान्यात तयार होते आहे.

आमच्याकडे अक्षरं जुळवणाऱ्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने मला त्याच बारीक टाइपाच्या खिळ्यांत एक ओळ जुळवून दिली: ‘आज हवा बरी आहे.’ पट्टी सोबत ठेवली आहे. झडतीत सापडली तरी कुणाला काय कळणार? तुमच्या तक्त्याऐवजी ही वापरा. ज्याला ही वाचता येईल, त्याला मतपत्रिका वाचता येईल.

नियम कुणी लिहिला विचारू नका. वरून आला.

मी परत या म्हणाले होते ते मागे घेते.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

पत्र चुलीत गेलं. पट्टी माझ्या पोलक्यात आहे.

मी इतकी भडकले की रेडिओसुद्धा अर्धा तास गप्प बसला. तीस वर्षं मी लोकांना बारीक अक्षर दाखवलं आणि इथे कुणीतरी पगार घेऊन अक्षर बारीक करत बसलंय! ज्याने तो नियम लिहिला त्याला बहीण असली तर तिने शरमेने मान खाली घातली असेल.

आता ऐक, काय केलं ते. आधी मी ज्याला हवा त्याच्या नंबरचा चष्मा देत होते. ते बंद. आता फक्त अधिक तीन, आणि तो पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला. पट्टी समोर धरते. “वाचा.” माणूस वाचतो: “आज हवा बरी आहे.” मग मी हळू आवाजात सांगते की पुढच्या महिन्यात असंच अक्षर येणार आहे, चौथ्या ओळीच्या मध्यावर बघा, आणि कुणी खूण करायला हात पुढे केला तर पेन्सिल सोडू नका. चालू की बंद, ते मी सांगत नाही. ते त्यांचं त्यांना चांगलं माहीत आहे.

चार गावं झाली. वाटेत एकमेकांना भेटल्यावर लोक आता रामराम करत नाहीत, “आज हवा बरी आहे” म्हणतात. काल एका शिपायाने आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, “कसली बरी? मरणाचा उकाडा आहे.” सगळी रांग हसली. त्याला कळलं नाही.

माझ्याकडचे चष्मे संपत आले. तुझ्या शहरात प्रत्येक घराच्या खणात कुणा गेलेल्या माणसाचा चष्मा पडून असतो. टाकवत नाही आणि वापरवतही नाही. माग. काच तडकलेली, काडी मोडलेली, काही चालेल. मी बसून जोडेन.

तुझी,
ताई


२४ एप्रिल

ताई,

परिचारिका दोन खेपांना तुमच्याकडून रिकाम्या हाती आली. तुमची गाडी कुठे दिसली नाही म्हणते. मला धड जेवण जात नाही. तरी लिहिते आहे, कारण न लिहिणं म्हणजे काहीतरी झालं असं कबूल केल्यासारखं वाटतं.

चष्मे जमवले. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी नवऱ्याचा दिला. देताना पदराने पुसला आणि म्हणाल्या, “यांना मत द्यायची फार हौस होती. द्या कुणाला तरी.” असे दोनशे सत्तर झाले. तीन खोक्यांतून परिचारिकेच्या औषधांखाली पाठवले. तुम्हाला मिळाले असतील अशी आशा आहे.

आता जे लपवलं होतं ते. तो नियम यांनी लिहिला ताई. तुमच्या भावाने. वरून तोंडी सांगितलं गेलं, कागदावर यांनी उतरवलं, खाली सही यांची. मी प्रुफात सही पाहिली तेव्हा वाटलं, अक्षरं हलताहेत. यांना विचारलं तर म्हणाले, “मी नसता लिहिला तर दुसऱ्याने लिहिला असता.” मी म्हटलं, “मग त्या दुसऱ्याला लिहू द्यायचा होता.” त्यानंतर आम्ही आठ दिवस फक्त मीठ-साखरेपुरतं बोललो.

सोमवारी मतपत्रिकेचं शेवटचं प्रूफ आलं. प्रूफ तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, हा आमचा जुना नियम. मी समासात लिहिलं: ‘टाइप वाचनीय नाही. बारा पॉइंटात जुळवावे.’ आणि सही केली नाही. व्यवस्थापक आले. म्हणाले, “बाई, हे तुमचं काम नव्हे.” मी म्हटलं, “वाचता येतं की नाही हे बघणं, एवढंच माझं काम आहे.” म्हातारा जुळारी उठला आणि हात धुवायला गेला. मग दुसरा गेला. मग सगळेच. दीड दिवस यंत्र बंद राहिलं. शेवटी बाहेरून माणूस आणून सही घेतली आणि सहा पॉइंटातच छापलं. मला घरी बसवलं.

म्हणजे हरले. पण गोष्ट तिथे संपली नाही. बुधवारी हे घरी आले ते एक कोरा कागद घेऊन. बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं यांनी लिहून द्यायचं, म्हणजे माझा शेरा रद्द करून विषय मिटवता येईल. कागद टेबलावर ठेवला आणि हे समोर बसले. मी म्हटलं, “लिहा. पण मोठ्या अक्षरात लिहा. मला वाचता आलं पाहिजे.” हे तसेच बसून राहिले. मी स्वयंपाक केला, जेवण वाढलं, ताट निवलं. कागद कोराच. दुसऱ्या दिवशी यांनी तो तसाच नेऊन परत दिला. काल यांची बदली जुन्या दप्तरांच्या कोठारात झाली. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाले, “धूळ फार आहे तिथे.” आणि मग, खूप दिवसांनी, जरासे हसले.

ताई, कुठे आहात?

वहिनी


६ मे
दगडखाणीच्या गावातून

वहिनी,

आहे. धड आहे. डाव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर वाकडं.

एप्रिलच्या मध्यावर नाक्यावर गाडी अडवली. अधिकारी तरुण होता, माझ्या दुकानात पहिला चष्मा घ्यायला येणारी पोरं असतात त्या वयाचा. चष्मे कशाला एवढे म्हणाला. म्हटलं, माणसं आहेत तेवढे. त्याने सगळे रस्त्यावर ओतायला लावले आणि त्यावरून ट्रक नेला. एकदा पुढे, एकदा मागे. वहिनी, तो आवाज मी कुणाला सांगणार नाही. मी वाकून एक उचलायला गेले, तेव्हा बोटांवर बूट पडला.

आम्हाला सोळा दिवस ठेवलं. “कुणाची माणसं तुम्ही?” विचारायचे. मी म्हणायचे, “ज्यांना दिसत नाही त्यांची.” आणि रेडिओ? सोळा दिवसांत तो एक अक्षर बोलला नाही! मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. शेवटी त्यांनी कागदावर ‘मुका’ असं लिहून त्याला सोडलं. फाटकाबाहेर आल्यावर शंभर पावलं गप्प चालला, आणि मग मागल्या सोळा दिवसांचं सगळं एका दमात बोलला. मी रडत होते आणि ऐकत होते.

गाडी जप्त झाली. तुझी खोकी नाक्यापलीकडच्या दवाखान्यात पोचली होती, पण पुढच्या झडतीत दोन गेली. तिसरं परिचारिकेने घोंगड्याखाली ठेवलं होतं. त्यातून अधिक तीनच्या आसपासचे, नीट असे एकतीस निघाले. ते घेऊन आम्ही बसने या गावात आलो आहोत. मतदार नऊशे आहेत.

तुझी पत्रं तिच्याकडेच होती. भावाबद्दलचं दोनदा वाचलं. मी मागे लिहिलं होतं, त्याच्या बहिणीने मान खाली घातली असेल. तर बहीण कळली. मान मी खाली घालणार नाही. त्याने तो नियम लिहिला तेव्हा मी त्याची बहीण होते, आणि त्याने तो कागद लिहिला नाही तेव्हाही मीच होते. दोन्हीचं काय करायचं ते त्याला समोर बसवून ठरवीन. आधी मतदान होऊ दे.

आणि तू हरलीस म्हणतेस? तुझी पट्टी आठ गावांनी वाचली आहे. वेडी कुठली.

तुझी,
ताई


२३ मे
दगडखाणीच्या गावातून

वहिनी,

तुझी तार आज मिळाली. पोस्टमनने ती रस्त्यातच मोठ्याने वाचली आणि मग मला दिली. म्हणजे खरंच गेले! सेनापतींनी स्वतः मान्य केलं! माझा अजून विश्वास बसत नाही. इथे माणसं बाहेर येऊन नुसती उभी आहेत. आनंद झाला की काय करायचं असतं तेही विसरलेत. आता तुला इथलं सांगते.

मतदान शाळेत होतं. एकतीस चष्मे, नऊशे माणसं. सकाळी मी रांगेच्या तोंडाशी उभी राहिले. आत जाणाऱ्याला चष्मा द्यायचा, बाहेर येणाऱ्याकडून घ्यायचा, पुसायचा, पुढच्याला द्यायचा. रेडिओ पुसत होता आणि बोलत होता. दोन तास सुरळीत चाललं. मग केंद्राधिकारी बाहेर आले.

“हे चालणार नाही. स्वतःचाच चष्मा पाहिजे.”

मी म्हटलं, “साहेब, नियमात ‘स्वतः वाचता’ आहे, ‘स्वतःच्या चष्म्याने’ नाही. दाखवा कुठे आहे ते.”

त्यांनी खिशातून नियमावली काढली. तीही त्याच बारीक टाइपात! साहेबांनी हात लांब केला. आणखी लांब केला. मान मागे नेली. मी एक चष्मा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि घातला. सगळी नियमावली वाचली. मग चष्मा काढून माझ्या हातावर ठेवला आणि आत जाऊन बसले. दिवसभरात त्यांना फक्त चौदा जणांसाठी खूण करावी लागली. त्यातल्या दोन मोतीबिंदूवाल्या बायकांनी पेन्सिल सोडलीच नाही. त्यांच्या हाताला धरून करावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुकूम आला की पेट्या मोजणीसाठी राजधानीला न्यायच्या. ट्रक दारात होता. खाणीतल्या बायका आल्या आणि चाकांपुढे बसल्या. भांडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एकीने भाजी निवडायला घेतली. “इथेच मोजा,” म्हणाल्या, “आम्हाला घाई नाही.” शिपायांनी बंदुका खांद्यावरून काढल्या. मी त्या बायकांमध्ये बसले होते. शेजारणीच्या भाजीतली एक जुडी मीही निवडायला घेतली. तासभर तसंच. मग आतून केंद्राधिकारी आले आणि शिपायांना म्हणाले, “टेबल बाहेर आणा.” त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही. विचारलंही नाही.

अंगणात मोजणी झाली. मदतनीस कारकून राजधानीहून आलेला होता, मोजणाऱ्यांनी सांगितला तसा निकालाचा तक्ता त्याने भरला आणि वाचायलाही तोच उभा राहिला. टेबलाला अगदी खेटून एक म्हातारा उभा होता, आयुष्यभर खाणीत सुरुंग लावलेला. कान केव्हाच गेलेत त्याचे. आदल्या दिवशी मतदान संपल्यावर एक चष्मा मी त्याला देऊन टाकलेला, आणि तेव्हापासून तो दिसेल ते वाचत सुटला होता: पिशव्या, पाट्या, काड्यापेटी.

कारकून वाचू लागला. “चालू ठेवा: तीनशे चौऱ्याहत्तर. बंद करा: तीनशे बारा.”

कुणीतरी हुंदका दिला.

आणि तेवढ्यात सुरुंगवाला तक्त्यावर बोट ठेवून, बहिरी माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात, मजेत वाचू लागला: “बंद करा... पाच... शे... बारा!”

कारकुनाने तक्ता ओढला. म्हाताऱ्याने सोडला नाही. त्याला वाटलं, याला पण वाचायचंय. केंद्राधिकारी उठले, तक्ता पाहिला आणि कारकुनाला म्हणाले, “बसा खाली.” मग म्हाताऱ्याला खुणेने सांगितलं, वाचा. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत सगळा तक्ता वाचला, इतक्या मोठ्याने की खाणीच्या कड्यावरून आवाज परत आला. वाचून झालं तेव्हा नऊशे माणसं उभी होती.

म्हातारा गोंधळला. चष्मा कपाळावर ढकलून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “का हो बाई? मी काही चुकीचं वाचलं का?”

तुझी,
ताई